जुने लाकूड, नवी भिंत

बडोद्याचा पश्चिमेकडचा विस्तार गोत्री ओलांडून केव्हाच पुढे गेला. एकेकाळी गावाबाहेर असलेल्या या भागात आता फ्लॅट, बंगले आणि कॅफे दाटले आहेत. त्यांच्या भिंतींवर जुन्या लाकडाच्या फळ्या जोडून केलेली चित्रे, नकाशे, फडताळे दिसू लागली आहेत. ‘रस्टिक वॉल आर्ट’ या नावाने ती विकली जातात. घर सजवणाऱ्यांनी ही कला आपलीशी केली, पण समीक्षकांनी तिच्याकडे अजून नीट पाहिलेले नाही. पाहायला हवे, कारण या कलेला लागणारे सगळे काही बडोद्यात आहे आणि तरीही इथले बहुतेक काम परक्या आठवणींवर चालले आहे.

भिंतीला चित्राची जागा मानण्याची सवय या शहराला जुनी आहे. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा आजही उभा आहे. मराठी बांधणीच्या त्या लाकडी वाड्यातल्या भिंती पुराणकथांपासून इंग्रज-मराठे लढाईपर्यंतच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. सयाजीराव महाराजांच्या निमंत्रणावरून नंदलाल बोस यांनी कीर्तिमंदिरात भित्तिचित्रे केली. पूर्वेकडे छोटा उदेपूरच्या राठवांच्या घरांत पिठोरा रंगतो. तिथे भिंत रंगवणे हा देवाला केलेल्या नवसाचा भाग असतो. या प्रत्येक ठिकाणी चित्र त्या भिंतीचे आणि त्या माणसांचे आहे.

लाकडाचीही इथे वाण नाही. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतले जुने वाडे उतरले की तुळया, वासे, कडीपाटाच्या फळ्या, दिलेदार दारे लाटीत, म्हणजे लाकडाच्या वखारीत, येऊन पडतात. भावनगर जिल्ह्यात अलंगला १९८३पासून जहाजे तोडली जातात, आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्या जहाजांतले फर्निचर नि तक्ते विकणाऱ्या वखारी आहेत. मकरपुऱ्याच्या कारखान्यांत यंत्रांबरोबर पाइनच्या पेट्या आणि पॅलेट येतात. साग, जहाजाचे लाकूड आणि पाइन अशी तीन घराण्यांची लाकडे एका शहराच्या आवाक्यात आहेत.

यातल्या सागाची एक फळी हातात घेऊन पाहावी. शंभर वर्षे कडीपाटात राहिलेल्या फळीची खालची बाजू चुलीच्या धुराने काळपट झालेली असते. जिथे ती तुळईवर टेकली होती, तिथे एक फिकट पट्टा उरतो. लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग पसरलेला असतो, कारण ओल लागली की लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांची क्रिया होते. रंध्याचा एक हलका हात फिरवला की आतून मधासारखा रंग आणि तेलकट वास येतो. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. वाळवी त्याच्या वाटेला जायला कचरते. शिवाय इतकी वर्षे वाळलेले लाकूड आता फारसे पिळत नाही. हा सगळा इतिहास रंध्याच्या तीन-चार हातांत नाहीसाही होऊ शकतो. म्हणून या कलेत पहिला निर्णय असतो तो कुठे थांबायचे याचा.

बाजारातले बरेचसे काम इथेच घसरते. नवे पाइन आणायचे, साखळीने ठोकायचे, तारेच्या ब्रशने ओरबाडायचे, वर करडा नि पांढरा रंग पुसून घ्यायचा, की झाले ‘जुने’. तिरप्या पट्ट्यांचे हिमशिखर, जगाचा नकाशा, इंग्रजी सुविचार कोरलेली पाटी हे त्याचे ठरलेले विषय. अमेरिकेतल्या जुन्या गोठ्यांच्या फळ्या उन्हाने, हिमाने करड्या झाल्या, म्हणून तिथे तो रंग खरा. बडोद्याच्या वाड्यांत, छपराखाली नि धुरात राहिलेले लाकूड तसे होत नाही. हे काम हाताला सफाईदार असते, पण त्यात लाकडाचे स्वतःचे असे काहीच उरत नाही.

उलट जिथे करणाऱ्याने खुणांनाच रेषा मानले, तिथे काम उभे राहते. बिजागरीच्या खाचा ओळीने आल्या की त्यातून ताल मिळतो. कूस आणि साल हे सांधे उघडे ठेवले की मूळ सुताराचा हात दिसतो. याचे धडे घ्यायला फार लांब जावे लागत नाही. १९५० साली सुरू झालेल्या इथल्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकवणाऱ्या जेराम पटेल यांनी साठच्या दशकात प्लायवूडवर ब्लोटॉर्च चालवून चित्रे केली. ते लाकूड जुने नव्हते, पण आगीने पोखरलेला थर, उघडा पडलेला गाभा, कोळशाचा काळा रंग हीच त्यांची रेषा झाली. त्याच परिसरात राघव कनेरिया यांनी भंगार लोखंडातून शिल्पे जोडली. के. जी. सुब्रमण्यन यांनी फाइन आर्ट्सच्या मेळ्यांसाठी लाकडाची साधी खेळणी केली. तिकडे न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार लुईस नेव्हलसन यांनी १९५८ साली ‘स्काय कॅथेड्रल’ या शिल्पात रस्त्यावर टाकलेले कठडे, खुर्च्यांचे पाय, चौकटींचे तुकडे पेट्यांत रचून सगळ्यांवर एकच काळा रंग दिला. त्यांनी लाकडाचा रंग झाकला आणि आकार बोलका केला. खुणा राखणे हा एकच मार्ग नाही, हे या कामाने दाखवले. मात्र काय झाकायचे आणि का, याचे उत्तर कलाकाराजवळ हवे.

कारागिरीची शिस्तही हवी. आंतरराष्ट्रीय नियमाने पॅलेटवर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान ३० मिनिटे दिलेले लाकूड, तर ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसरे लाकूड घरात आणू नये. जुन्या दारांवरचे पोपडे सुटलेले तेलरंग सुंदर दिसतात, पण त्यांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांत शिशाची दशलक्षात ९० भाग ही कायदेशीर मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. अशा फळीला कोरडा पॉलिश पेपर मारू नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

आता सर्वांत नाजूक प्रश्न. कोरीव कमान, खांबाचे शीर्ष किंवा गणेशपट्टी जशीच्या तशी भिंतीवर टांगली की ती शोभते, पण टांगणाऱ्याने त्यात काही निर्माण केलेले नसते. आणि अशा तुकड्यांना भाव आला की उभा वाडा उतरवण्याला आणखी एक कारण मिळते. कोरीव भाग वाड्यातच राहावा, वाडा वाचवणे अशक्यच झाले तर संग्रहालयात जावा. ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा वासे, फळ्या, पेट्या, मोडक्या खिडक्या यांवरच या कलेने आपला हक्क सांगावा. साध्या लाकडातून काही घडवणे कठीण आहे, आणि म्हणूनच कलावंताची खरी परीक्षा तिथे होते.

गोत्रीत घर सजवणाऱ्यांनी आता मागणीचा सूर बदलावा. फलकाच्या मागे लाकडाची जात, ते कुठून आले, आधी काय होते आणि कोणी घडवले हे लिहून मागावे. फॅकल्टीने या कामाचे प्रदर्शन भरवावे आणि त्यावर चर्चा घडवावी. लाटीवाला, सुतार आणि चित्रकार एकत्र बसले तर या शहराच्या भिंतींवर या शहराचेच लाकूड बोलू लागेल. सामग्री आहे, हात आहेत, परंपरा आहे. मागणाऱ्याने खरे मागितले पाहिजे.