शिलाहारांची पदवी आणि शेलारांचे नाव

'शेलार' हे आडनाव 'शिलाहार' या राजकुलनामापासून आले, असे सांगण्यात येते. भिवंडीलगतचे शेलार हे गाव उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या प्रदेशातच असल्यामुळे तेच अनुमान गावालाही लावण्याचा मोह होतो. हकाराचा लोप व स्वरसंकोच यांनी 'शिलार' हे रूप सिद्ध होते. परंतु आद्य इकाराचा एकार का झाला, याचा खुलासा हवा आणि मधली रूपे लेखांत आढळावयास हवीत. तशी ती आढळली, तरीही शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे कुलाची वंशावळ नव्हे.

हीच सावधगिरी राजपदव्यांविषयीही बाळगली पाहिजे. इ. स. ९७३ मध्ये तैलपाने राष्ट्रकूटांचा उच्छेद केला. त्यानंतर २४ वर्षांनी, भिवंडी परिसरातील भादाणे गाव लोनाडच्या लोणादित्य देवास देताना अपराजित शिलाहार आपल्या ताम्रपटात राष्ट्रकूटांची वंशावळ देतो आणि त्यांच्या नाशाबद्दल खेद व्यक्त करतो. धनी उरला नाही, तरी सामंताची भाषा सुटलेली नाही. पुढे कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता मोडकळीस आली असता, इ. स. ११८७ च्या परळ शिलालेखात दुसरा अपरादित्य 'महाराजाधिराज', 'कोकणचक्रवर्ती' म्हणवितो. म्हणजे चार शतकांहून अधिक काळ नांदलेल्या या घराण्याचे उघड सार्वभौमत्व जेमतेम ८० वर्षांचे ठरते. ब्रिटनीच्या एरिस्पोएला इ. स. ८५१ मध्ये फ्रँक राजा चार्ल्स याने राजचिन्हे दिली, इ. स. ८७४ मध्ये सालोमोनचा वध होताच ते राज्य दुभंगले. तेथे राजपद वरिष्ठाने मान्य केले होते. येथे ते स्वतःच धारण केलेले होते.

अखेरचा वृत्तांत मात्र जेत्याचा आहे. यादव महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने समुद्रात बुडणे पत्करले, असे हेमाद्री आपल्या प्रशस्तीत म्हणतो. हेमाद्री हा यादवांचा श्रीकरणाधिप. त्याच्या वाक्यातील अग्नी व जल यांचा विरोध हा अलंकार आहे. समुद्रावरील पराभव त्यातून स्वीकारता येईल. सोमेश्वराच्या मनातील निवड स्वीकारता येणार नाही. इ. स. १२६० च्या चांजे येथील शिलालेखात हाच सोमेश्वर ठाण्याच्या उत्तरेश्वरास दान देताना दिसतो. त्या लेखात येऊ घातलेल्या विनाशाची छायाही नाही. पराभूत राजाचे शेवटचे शब्द शोधावयाचे असतील, तर ते प्रशस्तीत नव्हे, अशा दानलेखांतच शोधले पाहिजेत.