पाटी वाचून मालक कळत नाही

पीएच.डी.साठी विषय शोधताना ‘हॉटेल’ बऱ्याच जणांना सुचतं. कॉमर्स, मॅनेजमेंट, अर्थशास्त्र, भूगोल, पर्यटन, कुठेही बसतं. माहिती रस्त्यावर दिसते, आणि प्रश्नावली भरून द्यायला मालक गल्ल्यावर बसलेलाच असतो. मग पेट पास झालेला विद्यार्थी सिनॉप्सिस लिहितो: ‘अमुक शहराच्या मध्यवर्ती भागातील हॉटेलांची बदलती मालकी आणि ब्रँडिंग: एक चिकित्सक अभ्यास’. ‘चिकित्सक’ शीर्षकात असतं, आत मात्र पाट्यांची मोजणी. दहा वर्षांपूर्वी इतकी स्थानिक नावं होती, आज इतकी ब्रँडेड आहेत, म्हणजे स्थानिक मालक मागे पडला आणि बाहेरचं भांडवल आलं, असा निष्कर्ष.

माझा आक्षेप या निष्कर्षापेक्षा त्याच्या पायावर आहे. पाटी बदलणं आणि मालक बदलणं या दोन वेगळ्या घटना आहेत. कधी एक घडते, कधी दुसरी, कधी दोन्ही आणि कधी एकही नाही. चारही प्रकारची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. आधी मोठ्या शहरांतली बघू, कारण त्यांची नोंद सार्वजनिक आहे. मग आपल्या धाराशिव-ढोकीकडे येऊ.

चार घरं

वहीत दोन उभी, दोन आडवी अशी चार घरं आखा.

पहिलं घर: पाटी बदलली, चालवणारा तोच. पुण्याच्या कोरेगाव रस्त्यावरचं ब्लू डायमंड घ्या. ते ताज ब्लू डायमंड होतं, मग विवांता झालं, आता ‘ब्लू डायमंड, आयएचसीएल सिलेक्शन्स’ आहे. तिन्ही नावं इंडियन हॉटेल्स कंपनीच्या, म्हणजे टाटांच्या, एकाच घरातली. कंपनीने आपल्या हॉटेलांची प्रतवारी बदलली की पाटी बदलते. पाट्या मोजणारा इथे दोन ‘बदल’ नोंदवेल आणि दोन्ही मालकीच्या रकान्यात टाकेल.

दुसरं घर: मालक बदलला, पाटी तीच. 2019 मध्ये ब्रुकफिल्ड या कॅनडाच्या गुंतवणूक कंपनीने लीलाची बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूरची हॉटेलं सुमारे 3,950 कोटी रुपयांच्या व्यवहारात घेतली. दारावरचं ‘लीला’ तसंच राहिलं. मुंबईचं लीला मात्र जुन्या कंपनीकडेच राहिलं, आणि त्याच्याही दारावर नाव तेच. एकच नाव, दोन वेगळे मालक. पाट्या मोजणाऱ्याच्या तक्त्यात इथे ‘बदल नाही’ असं येईल.

तिसरं घर: दोन्ही बदललं. मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हे एअर इंडियाच्या उपकंपनीचं, म्हणजे सरकारी हॉटेल. 2002 मध्ये निर्गुंतवणुकीत ते 83 कोटींना खासगी खरेदीदाराकडे गेलं आणि काही महिन्यांतच 115 कोटींना सहाराकडे. आज ते सहारा स्टार. इथे पाटी खरं बोलते, पण अर्धंच. मधला मालक आणि मधले 32 कोटी पाटीवर कधी आलेच नाहीत, आणि या विक्रीवरचा सगळा वाद त्या मधल्या टप्प्याचाच आहे.

चौथं घर: पाटी तीच, मालक तोच, आणि हॉटेल बंद. 7 जून 2021 ला मुंबईच्या हयात रिजन्सीने कामकाज थांबवलं. कारण जाहीर होतं: मालक कंपनी एशियन हॉटेल्स (वेस्ट) हिच्याकडून पगार आणि दैनंदिन खर्चासाठी पैसे येत नाहीत. बऱ्याच लोकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हयात हयातच्या मालकीचं नव्हतं. हयात नाव देत होती आणि चालवत होती. इमारत, कर्ज आणि पगाराचे पैसे दुसऱ्याचे.

हे शेवटचं घर सगळ्यात जास्त शिकवतं. नाव एकाचं आणि जोखीम दुसऱ्याची, ही रचना नवी नाही. 1949 मध्ये पोर्तो रिकोत सरकारी महामंडळाने हॉटेल बांधलं आणि ते हिल्टनने चालवायला घेतलं. 1993 मध्ये मॅरियटने स्वतःचेच दोन भाग केले, एकाकडे इमारती आणि दुसऱ्याकडे नाव व व्यवस्थापन. तेव्हा ‘मॅरियट आलं’ हे वाक्य वाचलं की लगेच विचारा: मॅरियटचं काय आलं? पैसा, की फक्त नाव?

‘मालक’ या एका शब्दात पाच माणसं

सिनॉप्सिसमध्ये ‘मालकी’ लिहिण्याआधी ती फोडा.

1. जागा कोणाची?
2. इमारत कोणाची?
3. धंद्याचा परवाना आणि कर कोणाच्या नावावर?
4. पाटीवरचं नाव कोणाचं?
5. बुडालं तर कोण बुडतं?

पाचवा प्रश्न पुस्तकी चौकटीत सहसा नसतो, पण आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण त्यावर बोट ठेवतं. छत्रपती संभाजीनगरात रेल्वे स्टेशनजवळचं व्हिट्स हॉटेल. ‘व्हिट्स’ हे कामतांच्या घरातलं ब्रँडनाव. मालमत्ता मात्र ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली लिलावात निघाली. 2025 मध्ये बोलीवरून वाद झाला, बोली लावणाऱ्याने माघार घेतली आणि प्रकरण विधिमंडळात पोचलं. कोणाची बोली योग्य होती, हा आपला विषय नाही. संशोधक म्हणून बघायचं ते एवढंच, की त्या इमारतीवर सगळ्यात मोठा हक्क सांगणारे लोक ठेवीदार होते, आणि ते पाटीवर, गल्ल्यावर, प्रश्नावलीत कुठेच नव्हते. तुमची प्रश्नावली तिथल्या व्यवस्थापकाने प्रामाणिकपणे भरून दिली असती तरी हे तुम्हाला कळलं नसतं.

आता ढोकीत या

इथे पहिली अडचण शब्दाचीच. ढोकीत कोणी ‘चला हॉटेलात बसू’ म्हटलं तर चहा आणि भजी समोर येतात, खोलीची किल्ली नाही. मुक्कामाला लॉज. इंग्रजी लेखांतलं ‘हॉटेल’ म्हणजे आपलं लॉज, आणि आपलं हॉटेल म्हणजे त्यांचं रेस्टॉरंट. म्हणून परदेशी लेखातली व्याख्या तशीच उचलून धाराशिवच्या बाजारपेठेत आकडे गोळा केले तर सफरचंद आणि बोरं एकाच टोपलीत येतात. उपाय सोपा आहे. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण 2008 मध्ये निवासासाठी 55 आणि खाणंपिणं पुरवण्यासाठी 56 असे वेगळे विभाग आहेत. तुमच्या यादीतल्या प्रत्येक हॉटेलापुढे 55 की 56 ते लिहा. वर राहायचं आणि खाली खायचं असेल तर दोन्ही लिहा.

दुसरी अडचण पाटीची, आणि ती आपल्या जिल्ह्यात जरा जास्तच आहे. 2022 मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले. त्याच वर्षी उस्मानाबादचं धाराशिव झालं: फेब्रुवारीत शहर, सप्टेंबरात जिल्हा. मे 2024 मध्ये उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे या दोन-तीन वर्षांत आपल्याकडे रंगलेल्या नव्या पाट्यांमागे मालक, भांडवल, ब्रँड यांपैकी काहीच नसू शकतं. असतो तो कायदा, आणि पत्त्यातला एक शब्द. 2021 आणि 2024 चे फोटो शेजारी ठेवून कोणी ‘ब्रँडिंगची लाट’ शोधली, तर ती लाट पेंटरच्या डब्यातली असेल.

तिसरी गोष्ट नावांची. महानगरात ब्रँडचं काम ‘मी दुसऱ्यांपेक्षा वेगळा’ असं सांगणं. आपल्याकडे तुळजाई, जगदंबा, तेरणा ही नावं कितीतरी दारांवर दिसतात. ती वेगळेपण सांगत नाहीत, नातं सांगतात: देवीशी, नदीशी, गावाशी. तिथे विश्वास नावावर नसतो, माणसावर असतो. धाराशिव-तुळजापूर रस्त्यावरचं हॉटेल भाग्यश्री मटण थाळीच्या रीलमुळे राज्यभर पोचलं, ते पाटीमुळे नाही, मालकाच्या चेहऱ्यामुळे आणि बोलण्यामुळे. हयात रिजन्सीत मालक शोधावा लागला, इथे मालक म्हणजेच ब्रँड. या दोन्हींना एकाच ‘ब्रँडिंग’ रकान्यात बसवणारी चौकट मुंबईलाही न्याय देत नाही आणि धाराशिवलाही.

आणि पाटी तशीच ठेवून आतलं सगळं बदलणं म्हणजे काय, हे ढोकीकराला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आमच्या गावचा. कर्जात अडकून तो वर्षानुवर्षं बंद राहिला. जिल्हा मध्यवर्ती बँकेने ताबा घेतला, भाड्याने देण्याची निविदा काढली, त्यावरून कोर्टकज्जा झाला आणि शेवटी 25 वर्षांच्या करारावर तो भैरवनाथ शुगरकडे गेला. नाव तेरणाच. ‘कारखाना कोणाचा?’ असं विचारलं तर सभासद शेतकरी, बँक आणि चालवणारी कंपनी अशी तीन उत्तरं येतात, आणि प्रत्येकाकडे आपापला कागद आहे. हॉटेलाचा अभ्यास करायला निघालेल्याने हे प्रकरण आधी समजून घ्यावं. मालकी ही एक वस्तू नसून हक्कांची मोळी आहे, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

मग करायचं काय?

हॉटेलात जा, चहा घ्या, बिल मागा. बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, धारकाचा प्रकार सांगतं: ‘पी’ म्हणजे व्यक्ती, ‘एफ’ म्हणजे भागीदारी, ‘सी’ म्हणजे कंपनी, ‘एच’ म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाका. तिथे कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगवेगळं दिसतं, नोंदणीची तारीखही दिसते. वडील गेले, मुलगा गल्ल्यावर बसला, पाटी तीच, तरी क्रमांक नवा असतो. म्हणजे पाटी जे लपवते ते बिल सांगतं.

उलाढाल लहान असेल तर जीएसटी नसतो. मग भिंतीवर अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक शोधा, त्यावर परवानाधारकाचं नाव असतं. जागेसाठी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. नोंदणीकृत खरेदी आणि भाडेकरारासाठी दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक 2. कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या नोंदीत तिच्यावरच्या कर्जाचा बोजा.

पण कागदावरही डोळे मिटून विश्वास नको. कंपनीचे सगळे शेअर उद्या दुसऱ्याने घेतले तर पॅन तोच राहतो, जीएसटी क्रमांक तोच राहतो. म्हणजे लीलासारखी विक्री बिलावर दिसेलच असं नाही. सातबारा जागा सांगतो, धंदा सांगत नाही. प्रत्येक कागद पाचपैकी एका प्रश्नाचं उत्तर देतो. दोन कागद जुळले नाहीत तर ‘माहिती सदोष’ म्हणून ते हॉटेल नमुन्यातून काढू नका. तुमचा प्रबंध तिथेच सुरू होतो.

एवढं करून कोणाचं भलं?

हा प्रश्न मौखिक परीक्षेत विचारला जाईलच, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा. हॉटेल एकाकडून दुसऱ्याकडे जातं तेव्हा सरकारने आपली सोय करून ठेवली आहे: जीएसटी कायद्याच्या कलम 85 नुसार जुनी करबाकी देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांवरही येते. कामगारांचा प्रश्नही जुना आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25 एफएफ याचसाठी घातलं होतं: धंदा हस्तांतरित झाला आणि नव्या मालकाने नोकरी अखंड, त्याच अटींवर धरली नाही, तर भरपाई. पण भरपाई मागायची तर ‘हस्तांतरण झालं’ हे आधी सिद्ध व्हायला हवं. पाटी तीच असेल तर ते सिद्ध करायचं कोणी? भांडी घासणाऱ्या बाईने? सहा महिन्यांची उधारी अडकलेल्या दूधवाल्याने?

म्हणून ‘मालकी बदलली का?’ हा तक्त्यातला साधा हो-नाही रकाना नाही. त्या रकान्यात चुकीची खूण पडली तर ज्याचे पैसे बुडाले तोच अभ्यासातून गायब होतो, आणि प्रबंधाच्या शेवटी ‘ब्रँडिंगमुळे ग्राहकांचं समाधान वाढलं’ असं एक गुळगुळीत वाक्य उरतं.

पुढच्या आठवड्यात सिनॉप्सिस उघडाल तेव्हा तीन गोष्टी करा. ‘हॉटेल’ची व्याख्या 55-56 लावून लिहा. ‘मालकी’ या शब्दाच्या जागी पाच प्रश्न घाला. आणि उत्तरदात्यांच्या यादीत मालक, व्यवस्थापक, ग्राहक या तिघांच्या खाली चौथी ओळ जोडा: ज्यांचं येणं बाकी आहे ते. नमुना वीस हॉटेलांचा असला तरी चालेल. दोनशे पाट्यांपेक्षा तो जास्त बोलेल.