बिशप हेबर : स्तोत्रकार आणि रोजनिशीकार

रेजिनाल्ड हेबर (१७८३-१८२६) याची वाङ्मयीन कीर्ती मुख्यतः स्तोत्रांवर उभी आहे, आणि आमच्या मते ती चुकीच्या पायावर उभी आहे. १८१९ साली, हिंदुस्थानचा किनारा पाहण्यापूर्वी चार वर्षे, त्याने मिशनकार्यासाठी एक स्तोत्र रचले. सिंहलद्वीपाची सृष्टी रम्य, माणूस तेवढा नीच, असा निवाडा त्यात न पाहताच दिलेला आहे. गांधीजींनी त्यास हरकत घेतली ती योग्यच होय.

ऑक्सफर्डचे काव्यपारितोषिक मिळवलेला आणि हॉडनेट या खेडेगावी अनेक वर्षे धर्मोपदेशक असलेला हा गृहस्थ १८२३ मध्ये कलकत्त्याचा दुसरा बिशप झाला. (या धर्मप्रांतात ऑस्ट्रेलियाही मोडत असे!) जून १८२४ मध्ये तो दौऱ्यावर निघाला आणि दिल्ली, जयपूर, बडोदे या मार्गाने एप्रिल १८२५ मध्ये मुंबईस पोहोचला. वाटेत तो कलकत्त्यास राहिलेल्या पत्नीसाठी रोजनिशी लिहीत होता.

या रोजनिशीतील नडियादचा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. मार्च १८२५ मध्ये तेथे स्वामी सहजानंद त्याच्या भेटीस आले. त्यांच्यासोबत सुमारे दोनशे सशस्त्र घोडेस्वार होते, आणि बिशपाच्या दिमतीसही स्वार होतेच. दोन धर्मगुरूंनी लहानशा फौजा घेऊन भेटावे याचे त्यास हसू आले आणि लाजही वाटली. पुढे तो जे नोंदवतो ते अधिक धीराचे आहे. लढाई जुंपती तर आपले स्वार सरस ठरले असते. परंतु ते आपणांस ओळखतही नाहीत, स्वामींचे स्वार मात्र त्यांचे शिष्य असून त्यांच्यासाठी रक्त सांडतील, अशी ही तुलना आहे. ती करणारा स्वामींचे मत मान्य करीत नाही. मूर्तिपूजेचे समर्थन ऐकून तो निराशच झाला. तथापि मतभेद राखूनही समोरच्याचे नैतिक बळ तो कबूल करतो. स्तोत्रकारास हे साधले नव्हते.

दख्खनची पाने त्या मानाने उणी आहेत. पेशवाई बुडून सातच वर्षे झाली होती. पण येथे हेबर बराचसा एल्फिन्स्टनच्या डोळ्यांनी पाहतो. त्या गव्हर्नराचे त्याने रेखाटलेले व्यक्तिचित्र सुरेख आहे, यात शंका नाही. मात्र ज्या रयतेवर तो राज्य करीत होता, तिचा आवाज तेथे आम्हांस फारसा ऐकू येत नाही. कंपनीच्या जमीनमहसुलाचा बोजा रयतेस असह्य आहे, असे खाजगी पत्रांत स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाकडून आमची अपेक्षा अधिक होती.

३ एप्रिल १८२६ रोजी त्रिचनापल्लीस स्नान करीत असता त्यास अकाली मृत्यू आला. रोजनिशी १८२८ मध्ये पत्नीने लंडनला छापविली. तिच्यावर अखेरचा हात फिरविण्यास लेखक उरला नव्हता, आणि नडियादची ती लाज पुस्तकात राहिली ती कदाचित म्हणूनच.