भिंतीवरचा कोसा

सध्या महानगरांतल्या कलादालनांना हातमागाचं भरतं आलंय. अंधारं दालन, वरून एकच दिवा, खाली टसरचं, म्हणजे कोसा रेशमाचं, थान ताठ टांगलेलं. शेजारच्या पाटीवर माध्यम, साल, संग्राहकाचं नाव, आणि विणणाऱ्याच्या जागी ‘पारंपरिक कारागीर’. आंधळगाव, मोहाडी, पवनीच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलेल्या भंडारेकराला ही पाटी झोंबते. ज्या बायांनी आपल्याकडे प्रदर्शनाला वजन मिळवून दिलं, त्यांचाच वारसा सांगत हा कारभार चालतो, म्हणून जास्तच.

हातमागासाठी झटलेल्या पुपुल जयकरांचंच घ्या. 1955 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भारतीय वस्त्रांचं प्रदर्शन भरलं. डिझायनर अलेक्झांडर जिरार्डनं ते बाजारपेठेच्या थाटात मांडलं होतं. त्या थाटातच रमता आलं असतं. पण जयकरांनी तिथे डिझायनर चार्ल्स ईम्सशी ओळख जोडली. पुढे ईम्सचा 1958 चा ‘इंडिया रिपोर्ट’ आला आणि 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. दरम्यान जयकरांच्याच पुढाकारानं विणकर सेवा केंद्रं उभी राहिली. के. जी. सुब्रमण्यन तिथे आले, प्रभाकर बरव्यांनी तिथे वर्षानुवर्षं नोकरी केली. चित्रकार मागापाशी बसले. 1980 च्या दशकातल्या ‘विश्वकर्मा’ प्रदर्शनांत मार्तंड सिंगांना हाताशी धरून त्यांनी पुढची पायरी गाठली : जुनं उत्तम वस्त्र नुसतं दाखवायचं नाही, त्याच्या तोडीचं नवं विणून घ्यायचं. प्रदर्शन म्हणजे मागाला दिलेली ऑर्डर, असा तो रोकडा विचार होता.

बाकीच्यांचं काय? सरयू दोशींनी 1996 मध्ये मुंबईचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय मार्गी लावलं, तस्नीम मेहतांनी भाऊ दाजी लाड संग्रहालयाला जीवदान दिलं. दोन्ही कामं मोठी, पण मागापर्यंत न पोचणारी. महिला दिनाच्या ‘स्त्रीशक्ती’ छापाच्या प्रदर्शनांबद्दल न बोललेलंच बरं.

आता आमची करवती साडी पाहा. मागावर तीन धोटे : मधला टसरचा, कडेचे दोन काठाच्या सुताचे. दर फेऱ्याला अंगाचा बाणा काठाच्या बाण्यात अडकवायचा, म्हणजे काठाचा रंग अंगात शिरत नाही आणि अंगाचा काठात. त्या सांध्यावरच करवतीचे दाते उमटतात. वरून चिकटवलेली नक्षी नाही. बांधणी हीच नक्षी. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयानं विणकाम करणाऱ्या अॅनी अल्बर्सचं एकटीचं प्रदर्शन भरवलं. तिच्या विणीत जो गुण आधुनिक म्हणून वाखाणला जातो, तो हाच. मग अल्बर्स ‘कलावंत’ आणि आंधळगावचा विणकर ‘पारंपरिक’, ही वाटणी कुणी केली?

आणि विणकराच्याही आधी बाई आहे. कोसे उकळून, मांडीवर पीळ देत टसरचा धागा काढायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायांनी केलं. मांडीची कातडी सोलवटणारी ही रीत संपावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाला ‘बुनियाद’ यंत्र आणावं लागलं. धाग्याचा जो खडबडीतपणा क्युरेटर मंडळी ‘मातीचा स्पर्श’ म्हणून मिरवतात, तो तिच्या मांडीवर घडलाय. स्त्रियांनी घडवलेल्या आधुनिकतेवर परिसंवाद झडतात, त्यात ही बाई श्रोत्यांतही नसते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : संग्रहालय म्हणजे बाजार समिती नव्हे, तिथे फक्त पाहायचं. साफ नामंजूर! गिरा साराभाईंनी भाऊ गौतम यांच्यासह कॅलिको संग्रहालय घडवलं, ते कापडाचा अभ्यास व्हावा म्हणून. जयकरांनी तर सरळ माग चालवून दाखवले. ‘फक्त पाहायचं’ ही चैन त्यांच्यानंतरची आहे, आणि तिला त्यांचं नाव लावणं ही लबाडी आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. पाटीवर तीन गोष्टी लिहा : धागा कुणी काढला, कापड कुणी विणलं, दोघांना मजुरी किती मिळाली. करवतीचं पुढचं प्रदर्शन 1863 पासून उभ्या असलेल्या नागपूरच्या अजब बंगला संग्रहालयात भरवा, नाहीतर थेट भंडाऱ्यात. आणि उद्घाटनाआधी नव्या लुगड्यांची ऑर्डर आंधळगावात पोचवा. एवढं जमत नसेल, तर कोसा भिंतीवरून उतरवा आणि तिथे संग्राहकाची पावती टांगा. प्रदर्शन खरं तर तिचंच चाललंय.