मनोरा आणि पाणी

क्लोद मॉने या फ्रेंच चित्रकाराने १८७४ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅममधील ख्रूनबुर्खवाल या कालव्याचे एक चित्र रंगविले. आज ते फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात आहे. दोन्ही काठांवर घरांच्या रांगा, मध्ये आत शिरत जाणारे पाणी, पलीकडे पूल आणि या सर्वांच्या वर उभा असलेला झाउदरकेर्क या चर्चचा मनोरा, एवढाच चित्राचा विषय. परंतु कलाकृतीत आशयाचे स्थान कोणते, हा समीक्षेतील जुना वाद या लहानशा चित्रापुढे पुन्हा उभा राहतो.

या वास्तूचा इतिहास लक्षणीय आहे. प्रॉटेस्टंट उपासनेसाठीच म्हणून उभारलेले अ‍ॅमस्टरडॅममधील हे पहिले चर्च. हेन्ड्रिक द कायझर याच्या आराखड्यानुसार ते १६०३ ते १६११ या काळात बांधले गेले. मनोरा १६१४ साली पुरा झाला. रेम्ब्राँची तीन अपत्ये येथेच पुरलेली आहेत. हे ठाऊक असलेल्या रसिकाला चित्रावर शोकाची छाया दिसू लागणे अशक्य नाही. पण ती छाया चित्रातील नव्हे. ती त्याने बाहेरून आणलेली असते. चित्रातील एकही रंगलेप त्या थडग्यांविषयी काही सांगत नाही.

याच्या उलट, विषय हे केवळ निमित्त आणि खरे चित्र म्हणजे प्रकाश, असे दृक्प्रत्ययवादाविषयी सर्रास म्हटले जाते. तेही पुरते खरे नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली. त्यांच्या परिभाषेत बोलायचे तर मनोऱ्याची उभी रेषा आणि पाण्यावरील आडवे, तुटक रंगलेप यांत येथे विरोध आहे. मात्र हा विरोध निव्वळ रेषांचा असता, तर मनोऱ्याच्या जागी एखादी डोलकाठीही चालली असती. ती चालणार नाही. दूरवरून दिसावा आणि टिकून राहावा म्हणून माणसांनी रचून उंच नेलेला मनोरा एकीकडे, आणि त्याचे प्रतिबिंब क्षणभरही स्थिर धरू न शकणारे पाणी दुसरीकडे, अशी ओळख पटल्यावरच त्या विरोधाला अर्थ प्राप्त होतो.

पुढे १८९२ ते १८९४ या काळातील रूआँच्या कॅथीड्रलच्या चित्रमालिकेत मॉनेने दगडच प्रकाशात विरघळविला. येथे विरघळते ते केवळ प्रतिबिंब. मनोरा उभाच राहतो.

आशय कलाकृतीत बाहेरून भरता येत नाही, हे जितके खरे, तितकेच तो तिच्यातून वगळता येत नाही, हेही खरे. कवितेतील शब्दाला तर अर्थापासून सुटकाच नाही. जे रंगालाही पूर्णपणे साधले नाही, ते शब्दाकडून अपेक्षिणाऱ्या समीक्षेने या कालव्याच्या काठी क्षणभर थांबणे हिताचे ठरेल.