दंगल झाली नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

संशोधनपद्धतीच्या पेपरसाठी आशुतोष वार्ष्णेय यांचं ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ (२००२) वाचलं. मी विज्ञानाची, त्यामुळे आधी रचना बघितली आणि ती आवडली. शहरांच्या तीन जोड्या: अलिगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत. जोडीतल्या दोन्ही शहरांत हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण दंगलींचा इतिहास वेगळा. आपण प्रयोगात कंट्रोल ठेवतो, तसंच हे. निष्कर्ष असा की रोजची शेजारधर्माची ये-जा गावात पुरते, शहरात नाही. तिथे व्यापारी संघटना, युनियन, क्लब यांत दोन्ही समाज एकत्र असावे लागतात.

पुस्तकात आपल्या ठाणे जिल्ह्यातली भिवंडीही आहे. १९७० आणि १९८४ साली तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम रहिवासी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

इथेच मी अडखळले. समित्या लोकांनी आपणहून काढल्या नव्हत्या, पोलिसांनी काढल्या. मग श्रेय समित्यांचं की कामाला लागलेल्या पोलिसांचं? दोन व्हेरिएबल एकदम बदलले की एकाचा परिणाम वेगळा काढता येत नाही, हे बीएस्सीच्या प्रॅक्टिकललाच शिकवतात. गंमत म्हणजे दंगलींची आकडेवारी (१९५० ते १९९५, ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या बातम्यांवरून) वार्ष्णेय यांच्यासोबत जमवणारे स्टीव्हन विल्किन्सन २००४ च्या आपल्या पुस्तकात वेगळंच कारण देतात: सरकारला निवडणुकीसाठी अल्पसंख्याकांची मतं हवी असतील, तर पोलीस दंगल थांबवतात. डेटा जमवला दोघांनी मिळून, निष्कर्ष दोन.

पुढे जुलै २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले, नंतर दोन पोलिसांना जमावाने मारलं. हिंदू-मुस्लिम दंगलींच्या तक्त्यात ही घटना बसत नाही. मला मात्र तीच महत्त्वाची वाटते, कारण लोक आणि पोलीस हाच तर समित्यांचा मुख्य दुवा होता.

माझा मोठा आक्षेप शून्यावर आहे. अंबरनाथला आमच्या गच्चीतून मलंगगड दिसतो. तिथे हाजी मलंगचा दर्गा. काहींच्या मते ती मच्छिंद्रनाथांची समाधी. वहिवाट एका ब्राह्मण कुटुंबाकडे, भक्त दोन्हीकडचे. ऐंशीच्या दशकात आनंद दिघे यांनी आंदोलन उभं केलं आणि तेव्हापासून माघी पौर्णिमा म्हणजे आरती, घोषणा, बंदोबस्त. पण हाणामारी झाली नाही तर त्या वर्षाची नोंद शून्य. बदलापूरच्या एखाद्या शांत गल्लीचीही शून्यच. एकीकडे भांडण दाबून धरलेलं, दुसरीकडे भांडणच नाही. या दोन्हींना एकच आकडा दिला तर शांततेचं कारण शोधणार कसं?

म्हणून सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी हे पुस्तक वाचाच, पण कोडिंगच्या वहीत शून्याचे निदान दोन रकाने करा. बंदोबस्ताला किती पोलीस लागले, हा एक. दुसरा मला सुचलाय तो असा: गडाच्या वाटेवर फुलं-चादरी विकणाऱ्यांचा त्या दिवशीचा धंदा आणि एरवीच्या गुरुवारचा. कोणी मोजला असेल तर कळवा, मला खरंच बघायचाय.