लीव्ह आणि लायसन्स

अंधेरी-बोरिवलीत भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला ‘अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट’ ठाऊक असतं. ते सहीपुरतं चाळलं जातं. खरं तर तो मजकूर शब्दाशब्दानं चाखत वाचावा असा आहे.

या कराराच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावातल्या ‘लीव्ह’चा सोडून जाण्याशी संबंध नाही. परवानगी या अर्थाचा हा जुना इंग्रजी शब्द ‘लव्ह’चा भाऊबंद आहे. ‘लायसन्स’ लॅटिनमधून आलं. अर्थ पुन्हा मुभा. देशी आणि परका शब्द जोडीनं बसवायची इंग्रजी वकिलांना सवय. आपणही ‘धनदौलत’ म्हणतोच. आपली ‘रजा’सुद्धा मुळात अरबी संमती!

या मसुद्यात ‘टेनंट’ हा शब्द मात्र कटाक्षानं टाळलेला असतो. लॅटिन ‘तेनेरे’ म्हणजे धरून ठेवणं. टेनंट म्हणजे धरून असलेला. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं ही पकड इतकी घट्ट केली, की मालक टेनंटऐवजी लायसेन्सी ठेवू लागले. मग 1973 साली दुरुस्ती आली आणि 1 फेब्रुवारीला चालू करारावर राहणारे लायसेन्सी कायद्यानं टेनंट ठरले. करारातलं एक नाव बदललं आणि कित्येकांचं छप्पर पक्कं झालं.

माझं सर्वांत आवडतं वाक्य 1882 च्या ईझमेंट्स अॅक्टच्या कलम 52 मध्ये आहे. त्याचा आशय असा: परवानगी नसती तर जे बेकायदा ठरलं असतं, ते दुसऱ्याच्या मिळकतीत करण्याचा हक्क म्हणजे लायसन्स, त्यातून मिळकतीत हितसंबंध मात्र निर्माण होत नाही. आता मुलुंडच्या एखाद्या वन-बीएचकेत हे वाक्य लावून पाहा. कुकर लावणं, मुलाला अभ्यासाला बसवणं, रात्री आतून कडी घालणं, सगळं त्या एका होकारावर उभं. इतकं नेमकं गद्य कायद्यातही विरळाच.

‘लँडलॉर्ड’मधला लॉर्ड जुन्या इंग्रजीत पावाचा राखणदार होता. आपल्याकडे घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या चाळींत मालकाच्या हाती भाडेकरूनं दिलेली एकरकमी पागडी पडे; मानाच्या शिरोवस्त्राचं नाव त्या रकमेला मिळालं, आणि 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानं ती रक्कम घेणं वैधही केलं.

त्याच कायद्याचं कलम 55 मला मनापासून भावतं. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. ती त्यानं पाळली नाही, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानायचं, उलट सिद्ध होईपर्यंत.